विहारयात्रा की धम्मयात्रा?

आपल्या निवासी विद्यालयाच्या या स्मरणिकेसाठी अभयारण्यांच्या सहलीचा वृत्तांत आम्ही लिहावा, असे संपादक मंडळाने सुचविले. त्याप्रमाणे आम्ही लिहावयास बसलोही. कोठे मुक्काम झाला, कोणते प्राणी दिसले, भोजनाची व्यवस्था कशी होती, हे सारे लिहून झाले आणि मग ते कागद आम्ही बाजूला ठेवले. आमच्या विद्यार्थ्यांनी वाघ पाहिला, ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु परतताना जो प्रश्न आम्ही सोबत घेऊन आलो, तो वृत्तांतात मावणारा नव्हता. माजी विद्यार्थी, पालक व समाजबांधव यांच्यापुढे तो प्रश्न मांडावा, एवढ्याचसाठी हा लेख.

प्रश्नाची सुरुवात सहलीपूर्वीच, पालकसभेत झाली होती. ताडोबा, पेंच, कान्हा आणि बांधवगड या चार राष्ट्रीय उद्यानांची सहा दिवसांची सहल आम्ही जाहीर केली. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी जमवून सफारीचा खर्च उचलला होता. परिवहन महामंडळाची बस प्रासंगिक करारावर ठरली होती. सभा संपत आली तेव्हा मागच्या रांगेतील एक पालक उभे राहिले. चंद्रपूर जिल्ह्यातील जंगलालगतच्या गावचे ते शेतमजूर. ते म्हणाले, "सर, आमी त वाघाच्या भेवानं मोहफुलं येचाले जात नाई, अन् तुमी पोराइले पैसे भरून वाघ दाखवाले नेता?" सभेत हशा पिकला. आम्हीही हसलो. उत्तर मात्र आम्हांला सुचले नाही.

त्या पालकांच्या बोलण्यात विनोद कमी आणि सत्य अधिक होते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले आणि मे महिन्यात तेंदूपत्ता, या दोन हंगामांवर पूर्व विदर्भातील सहस्रावधी घरांचा वर्षाचा मेळ बसतो. आपल्या वसतिगृहातील कित्येक मुलामुलींच्या वह्यापुस्तकांचा पैसा तेंदूपत्त्याच्या पुडक्यांतून आलेला असतो. पहाटेच्या अंधारात वाकून पाने तोडणारी बाई वाघाला चार पायांचे सावज वाटते आणि मग वर्तमानपत्रात एका कोपऱ्यात बातमी येते. मरणारी माणसे बहुतेक आदिवासी, दलित आणि भूमिहीन कुटुंबांतील असतात. वाघ पाहण्यासाठी पैसे मोजणारा माणूस आणि वाघाच्या वाटेत पोटासाठी जाणारा माणूस, हे दोघे एकाच जंगलात असूनही एकमेकांना कधी भेटत नाहीत.

निघण्याच्या आदल्या सायंकाळी, इतिहासाचे शिक्षक या नात्याने, आम्ही विद्यार्थ्यांना सम्राट अशोकाचा आठवा शिलालेख समजावून सांगितला. पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात. त्यांत मृगया आणि तत्सम करमणूक असे. अशोकाने राज्याभिषेकानंतरच्या दहाव्या वर्षी संबोधीस, म्हणजे बोधगयेस भेट दिली आणि तेथून विहारयात्रेच्या जागी धम्मयात्रा सुरू झाली. या धम्मयात्रेत काय होते? श्रमण-ब्राह्मणांची भेट व त्यांना दान, वृद्धांची भेट व त्यांना साहाय्य आणि जनपदातील, म्हणजे गावखेड्यांतील लोकांची भेट व त्यांच्याशी धम्माविषयी विचारविनिमय. आम्ही मुलांना सांगितले, "आपली ही सहल धम्मयात्रा झाली पाहिजे." मुलांनी माना डोलावल्या. असे सांगणे किती सोपे आणि तसे वागणे किती अवघड, हे दुसऱ्याच दिवशी आम्हांला कळले.

सहलीचा आरंभ आम्ही भद्रावती येथील विजासन लेण्यांनी केला. डोंगर पोखरून केलेल्या त्या बौद्ध लेण्यांत त्रिशरण-पंचशील घेऊन बस मोहर्लीच्या दिशेने निघाली. वाटेत एका फाट्यावर पुनर्वसित गावाची पाटी दिसली. नववीतील एक गोंड विद्यार्थी आमच्या मागच्या आसनावर बसला होता. तो हळूच म्हणाला, "सर, आमचं गाव. दोन मिनिटं थांबता येईल का?" सफारीच्या प्रवेशाची वेळ ठरलेली, उशीर झाल्यास सारे पैसे वाया जाण्याची भीती. आम्ही त्याला म्हणालो, "आता वेळ नाही, पुन्हा कधीतरी." तो गप्प बसला. बस पुढे गेली.

ताडोबा हे महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान. १९५५ साली त्याची स्थापना झाली. १९८६ साली अंधारी अभयारण्य घोषित झाले आणि १९९५ साली दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. सात जिप्सी गाड्यांतून आम्ही आत शिरलो. साग, ऐन, बिजा, तेंदू, बांबूची बेटे. रस्त्याच्या कडेला ठरावीक अंतरावर जुने दगडी स्तंभ उभे आहेत. गोंड राजांच्या काळात त्यांवरून दोर बांधून, घंटा वाजवून राजाच्या आगमनाची वर्दी पुढे पोचविली जात असे, असे सांगतात. वानराने इशाऱ्याचा आवाज दिला, मागोमाग चितळ ओरडले आणि वाटाड्याने हात वर केला. बांबूच्या बेटातून एक वाघीण निघाली, रस्ता ओलांडून पाण्याकडे गेली. चार मिनिटांचा काय तो खेळ. परंतु ती चार मिनिटे छत्तीस मुलांपैकी कोणीही श्वास घेतला नसावा. खोटे कशाला सांगावे, आमचेही डोळे पाणावले. असे देखणे, असे निर्भय प्राणिमात्र या पृथ्वीवर आहे आणि ते राहिले पाहिजे, याविषयी आमच्या मनात तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही.

रात्री मुक्कामी प्रत्येक विद्यार्थ्याने दिवसभरात काय पाहिले ते सांगावे, असा आमचा परिपाठ. सर्वांनी वाघीण सांगितली. त्या गोंड विद्यार्थ्याची पाळी आली, तेव्हा तो म्हणाला, "मी चिंचेचं झाड पाहिलं. गवताच्या मैदानात एकटंच आहे. त्याच्याजवळ आमच्या आजीचं घर होतं. आजीनं खूण सांगितली होती." मग थोडे थांबून म्हणाला, "आजीला यायचं होतं एकदा. पण आत यायला तिकीट लागते."

सभागृहात शांतता पसरली. ज्या मैदानात आम्ही चितळांचे कळप पाहून हरखलो होतो, ते मैदान म्हणजे एका गावाची शेते होती, हे वाटाड्याने सांगितले नव्हते आणि आम्हीही विचारले नव्हते. बोटेझरी, कोळसा, नवेगाव, जामणी, पळसगाव, रानतळोधी ही ताडोब्याच्या गाभाक्षेत्रातील गावांची नावे. पुनर्वसनाचा क्रम येथे टप्प्याटप्प्याने चालला. ज्या ताडोबा तळ्याच्या काठी पर्यटकांच्या गाड्या थांबतात, तेथेच तारू या गोंड वीराचे ठाणे आहे. वाघाशी झुंजताना तो मरण पावला, अशी लोकश्रद्धा आहे आणि त्याच्या नावावरूनच ताडोबा हे नाव आले, असे मानले जाते. म्हणजे उद्यानाचे नाव आदिवासींचे, देव आदिवासींचा. फक्त आदिवासी मात्र प्रवेशद्वाराबाहेर.

त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. ज्या शिक्षकाने आदल्या सायंकाळी जनपदातील लोकांच्या भेटीची महती सांगितली, त्यानेच दुसऱ्या दिवशी "वेळ नाही" म्हणून बस पुढे नेली होती. आमची धम्मयात्रा पहिल्याच फाट्यावर विहारयात्रा झाली होती.

पेंचमध्ये 'जंगल बुक'मधल्या मोगलीच्या नावाच्या पाट्या पाहत मुले रमली. त्याच पेंचच्या तोतलाडोह जलाशयात, विस्थापित झालेल्या आदिवासींना दिलेल्या मासेमारीच्या ३०५ परवान्यांचा वाद १९९७ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला होता, याची पाटी मात्र कोठे नाही.

कान्ह्याला वाघ दिसला नाही. मुले हिरमुसली, पण आम्हांला कान्हा अधिक भावले. आपल्या विदर्भातील जंगल सागाचे. येथे प्रथमच मुलांनी सालवृक्षांचे घनदाट अरण्य पाहिले. तथागतांचा जन्म लुंबिनीच्या शालवनात झाला आणि महापरिनिर्वाण कुशीनारा येथे जुळ्या शालवृक्षांच्या मध्ये झाले, हे आमच्या मुलांना तोंडपाठ होते. शालवृक्ष मात्र त्यांनी पाहिला नव्हता. एका मुलीने खाली पडलेले पान उचलू का, असे विचारले. वाटाड्या म्हणाला, उद्यानातून पानही नेता येत नाही. तिने ते पान डोळे भरून पाहिले आणि जागच्या जागी राहू दिले.

कान्ह्याचा गौरव बारसिंग्याने आहे. १९७० साली कान्ह्यात अवघे ६६ बारसिंगे उरले होते. आज त्यांची संख्या हजाराच्या आसपास पोचली आहे. ही सामान्य गोष्ट नव्हे. वनरक्षकांच्या व शास्त्रज्ञांच्या कष्टांना आम्ही मनापासून वंदन करतो. परंतु या यशाचा दुसरा अर्धा भागही सांगितला पाहिजे. १९६९ पासून कान्ह्यातील बैगा आणि गोंडांची गावे उठविण्यात आली. सोंफ नावाचे गाव उठले आणि तेथील शेतांच्या जागी वाढलेल्या गवतात बारसिंगे वाढले. बैगांचे दुःख त्याहूनही जुने आहे. जमिनीवर नांगर चालविणे म्हणजे धरतीमातेला जखम करणे, अशी त्यांची समजूत; म्हणून ते बेवर पद्धतीची फिरती शेती करीत. इंग्रजांच्या वनखात्याने त्यावर बंदी आणली आणि १८९० साली बैगाचक नावाच्या मर्यादित क्षेत्रात त्यांना कोंडले. ज्यांनी जंगलात शतकानुशतके वाघाच्या शेजारी घर केले, त्यांच्यावरच जंगल नासविल्याचा ठपका आला.

आणि जंगल कोणी नासविले? इतिहास याचे उत्तर देतो. १८६५, १८७८ आणि १९२७ च्या वनकायद्यांनी जंगल सरकारी झाले आणि त्यातून रेल्वेसाठी व जहाजांसाठी लाकूड गेले. गावकऱ्यांची गायराने आणि डोंगर वनखात्याने गिळले, हे महात्मा जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये त्याच काळात मांडले आहे. वाघाची गोष्टही तीच. बादशहा पंचम जॉर्ज याच्या १९११ सालच्या नेपाळच्या तराईतील शिकारीत ३९ वाघ मारले गेले. सरगुजाच्या महाराजांच्या नावावर अकराशेहून अधिक वाघांच्या शिकारीची नोंद आहे. रीवा संस्थानात १०९ वाघ मारणे राजाला शुभ मानले जाई आणि आजचे बांधवगड हे त्याच राजांचे राखीव शिकारक्षेत्र होते. १९७२ च्या गणनेत देशात अवघे १,८२७ वाघ मोजले गेले, तेव्हा त्यांचा संहार मोहफुले वेचणाऱ्यांनी केलेला नव्हता. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १ एप्रिल १९७३ रोजी सुरू झालेला व्याघ्र प्रकल्प आवश्यकच होता. २००६ साली १,४११ पर्यंत घसरलेली संख्या २०२२ च्या अंदाजानुसार ३,६८२ झाली, हे त्याचे फळ आहे. परंतु या संवर्धनाची किंमत कोणाच्या घरातून वसूल झाली, हे तपासल्यास उत्तर नेहमी एकाच दिशेला येते. वाघ मारणारे राजवाड्यांत राहिले आणि वाघ वाचविण्यासाठी झोपड्या हलल्या.

सहलीच्या शेवटी बांधवगड. तेथे आम्हांला एक वेगळीच आस होती. २०२२ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने बांधवगड व्याघ्र प्रकल्पात केलेल्या शोधमोहिमेत २६ लेणी, दोन विहार, दोन स्तूप आणि २४ ब्राह्मी शिलालेख नोंदविले. त्यांतील बहुतेक लेणी बौद्ध स्वरूपाची असल्याचे सर्वेक्षणाने म्हटले आहे. शिलालेखांत कौशांबी आणि मथुरा या नगरांचा उल्लेख येतो. म्हणजे ज्यास आपण आज 'निर्मनुष्य अरण्य' म्हणून पाहतो, तेथून दोन हजार वर्षांपूर्वी व्यापाऱ्यांचे तांडे जात होते आणि वर्षावासात भिक्खू राहत होते. आमची गाडी ज्या रस्त्याने गेली, तेथून झाडीआड डोंगराच्या कड्यातील काही काळोखी दारे दिसली. आम्ही वाटाड्याला विचारले. तो म्हणाला, "वाघ दुपारी त्यांत विसावतात." उतरण्यास मनाई होती, नियम तो नियम. मुलांनी गाडीतूनच हात जोडले. अरण्य म्हणजे माणसाविना असलेली भूमी, ही कल्पना किती नवी आणि किती अपुरी आहे, हे त्या कड्याने आम्हांला जितके शिकविले, तितके कोणत्याही ग्रंथाने शिकविले नव्हते.

आता आमचे म्हणणे मांडतो.

आमच्या काही कार्यकर्त्या मित्रांचे मत असे की, ही सफारी म्हणजे सुखवस्तूंची करमणूक आहे. आपल्या शाळेने त्या वाटेला जाऊ नये. हे मत आम्हांला मान्य नाही. पाणातिपातापासून विरत राहण्याचे शील आपण रोज घेतो. ते केवळ माणसापुरते नाही. अशोकाने राज्याभिषेकानंतरच्या सव्विसाव्या वर्षी पोपट, मैना, चक्रवाक, वटवाघूळ, कासव, साळिंदर, खार, गेंडा अशा जीवांना अवध्य ठरविले आणि निष्कारण वणवे लावण्यास मनाई केली. ही परंपरा दूरच्या पाटलिपुत्राची नव्हे, आपल्या अंगणातली आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात देवटेक येथे मिळालेल्या शिळेवर प्राण्यांना पकडण्यास व मारण्यास मनाई करणारी ब्राह्मी लिपीतील राजाज्ञा आहे आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तिचा संबंध अशोककाळाशी जोडला आहे. भारतीय संविधानात १९७६ साली आलेल्या अनुच्छेद ५१क ने तर वने व वन्यजीवांचे रक्षण आणि प्राणिमात्रांविषयी करुणा हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरविले आहे. जंगल आणि वाघ ही आमच्या मुलांचीही मालमत्ता आहे. कोण्या श्रीमंताच्या मुलाने ती पाहावी आणि तेंदूपत्ता तोडणाऱ्याच्या मुलाने पाहू नये, हा न्याय आम्हांला नको.

दुसऱ्या बाजूने असे सांगितले जाते की, जंगलातील गावे बाहेर आल्याने त्यांचेच भले झाले. शाळा, दवाखाना, रस्ता, वीज मिळाली. यातही तथ्य आहे आणि आंबेडकरी माणसाने ते नाकारू नये. बाबासाहेबांनी खेड्याचे उदात्तीकरण कधीही केले नाही. ४ नोव्हेंबर १९४८ च्या संविधान सभेतील भाषणात त्यांनी खेड्याच्या संकुचितपणावर कठोर प्रहार केला. मुलाला शिकविण्यासाठी जंगल सोडावे, असे एखाद्या कुटुंबास वाटत असेल, तर तो त्याचा अधिकार आहे. आमच्याच वसतिगृहातील त्या विद्यार्थ्याच्या वडिलांनीही गाव सोडताना हाच विचार केला होता, हे त्याने आम्हांला सांगितले.

तेव्हा प्रश्न गाव राहावे की जावे हा नाही. निर्णय कोणाचा, हा प्रश्न आहे. २००६ साली झालेल्या वन्यजीव कायद्याच्या दुरुस्तीनुसार व्याघ्र प्रकल्पातील स्थलांतर स्वेच्छेने आणि ग्रामसभेच्या जाणत्या संमतीनेच झाले पाहिजे, आणि त्यापूर्वी वनहक्कांची मान्यता पूर्ण झाली पाहिजे. कुटुंबामागे दहा लाख रुपये आणि २०२१ पासून पंधरा लाख रुपये, असे मोबदल्याचे आकडे सांगितले जातात. परंतु मोबदला म्हणजे संमती नव्हे. मध्य प्रदेशातील कुनो येथे काय झाले, ते पाहावे. गुजरातेतील सिंहांना दुसरे घर हवे, म्हणून तेथील २४ गावांतील, प्रामुख्याने सहारिया आदिवासींची, सुमारे दीड हजार कुटुंबे हलविली गेली. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली आदेश देऊनही सिंह आले नाहीत. २०२२ साली आफ्रिकेतून चित्ते आले. ज्या सिंहासाठी माणसे उठली, तो सिंह त्यांच्या ओसाड गावात कधी आलाच नाही. या माणसांना विचारून निर्णय झाला असता, तर असे घडले असते काय?

येथे अशोकाविषयीही एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. कलिंगाच्या युद्धाने व्यथित झालेल्या त्याच तेराव्या शिलालेखात त्याने अटवीतील, म्हणजे अरण्यातील लोकांना समजुतीबरोबर इशाराही दिला आहे. राज्यसत्ता आणि वनवासी यांच्यातील ताण एवढा जुना आहे की, धम्मराजाच्याही लेखात तो उमटला. हा ताण कसा सोडवावा, याचा मार्ग बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात दाखविला आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात कलह झाला, तेव्हा सिद्धार्थाने युद्धास विरोध केला आणि सुचविले की, दोन्ही पक्षांनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाचांनी वाद मिटवावा. नदी एकाची नव्हती, तसेच जंगलही एकाचे नाही. वाघाच्या वतीने वनाधिकारी आणि शास्त्रज्ञ बोलतात, ते योग्यच आहे. परंतु त्या पंचांत त्या आजीच्या वतीनेही कोणीतरी बसले पाहिजे.

हा प्रश्न केवळ आदिवासी बांधवांचा आहे, असे समजून आपल्या समाजाने दूर राहू नये. २००६ च्या वनहक्क कायद्यात 'इतर पारंपरिक वननिवासी' असा वर्ग आहे. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा या जिल्ह्यांतील जंगलपट्ट्यात राहणारी आपली बौद्ध कुटुंबे याच वर्गात येतात. त्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, तेथे वास्तव्य असल्याचे सिद्ध करावे लागते. ज्यांच्या आजोबांना अक्षरओळख नव्हती, जमीन नव्हती, त्यांनी पंचाहत्तर वर्षांचा कागद आणावा कोठून? परंतु त्याच कायद्याच्या नियमांत गावातील वृद्धांचे लेखी नोंदविलेले निवेदन पुरावा म्हणून धरण्याची तरतूद आहे. आमच्या मते येथे शाळेचे काम सुरू होते.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, अभयारण्याची सहल दरवर्षी व्हावी. मात्र चारऐवजी दोनच उद्याने पाहावीत आणि वाचलेले दोन दिवस पुनर्वसित किंवा बफर क्षेत्रातील गावात मुक्काम करावा. काही गावांत ग्रामस्थांच्या समित्याच पर्यटकांची व्यवस्था पाहतात. आपला पैसा मोठ्या रिसॉर्टऐवजी तेथे जावा. दुसरी, आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी इतिहासाचा प्रकल्प म्हणून आपापल्या गावातील सत्तरी ओलांडलेल्या माणसांची निवेदने नाव, गाव, दिनांक व साक्षीदारांसह लिहून घ्यावीत आणि निस्तार पत्रकाच्या नोंदी मिळतील तेथून उतरवून घ्याव्यात. हा परीक्षेपुरता प्रकल्प ठरणार नाही. वनहक्क समितीपुढे तो कामी येईल. तिसरी सूचना माजी विद्यार्थ्यांना. आपल्यापैकी काही वकील आहेत, काही महसूल व वन विभागांत सेवेत आहेत. ज्यांनी सफारीसाठी वर्गणी दिली, त्यांनी वर्षातून दोन दिवस या कागदांसाठी द्यावेत. कायदा कसा वाचावा, अर्ज कोठे द्यावा, फेटाळला तर अपील कसे करावे, एवढे जरी त्यांनी गावात येऊन सांगितले, तरी पुष्कळ होईल.

सहलीहून परतल्यानंतर पंधरा दिवसांनी, एका रविवारी, आम्ही त्या विद्यार्थ्याबरोबर त्याच्या गावी गेलो. घरे सिमेंटची, एका ओळीत. अंगणात कडुनिंबाची लहान रोपे. आजी खाटेवर बसली होती. आम्ही तिला चिंचेचे झाड अजून उभे असल्याचे सांगितले. तिने विचारले, "लागल्या होत्या का चिंचा?" आम्ही पाहिले नव्हते. विद्यार्थी म्हणाला, "लागल्या होत्या." मग ती तासभर बोलत राहिली: गाव कोणी वसविले, विहीर कोणी खणली, वाघ कोणत्या वाटेने यायचा आणि तो आला की काय करायचे. विद्यार्थ्याने सात पाने लिहून घेतली. आमच्या पाहण्यातील हा पहिला कागद.

पालकसभेतील त्या पालकांना आम्ही अजून उत्तर दिलेले नाही. पुढील सहलीपूर्वीच्या सभेत व्यासपीठावर त्यांनी बसावे आणि मुलांना जंगलाविषयीचा पहिला पाठ त्यांनीच द्यावा, अशी विनंती आम्ही त्यांना करणार आहोत.

जय भीम. नमो बुद्धाय.